मदत हवी आहे: नवीन कॅम, एक पुशरॉड फिरत नाही, इंजिन सुरू करावं का?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये राहतो. घरी १९७१ची शेव्हरले नोव्हा आहे, ३५०चं स्मॉल ब्लॉक व्ही-८. ब्लॉक तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) बोअर करून घेतला, म्हणजे आता ३५५ घनइंच. पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक पॉलिश केलेला, आणि कॅम (याचे उंचवटे, म्हणजे लोब, लिफ्टर ऊर्फ टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतात) जरा गरम, म्हणजे जास्त ताकदीचा, घेतलाय: हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट, पन्नास थाऊ लिफ्टला २२४ अंश ड्युरेशन. ब्लॉक आणि हेडचं काम मशीन शॉपमधून करून घेतलं, जोडणी घरी मी केली. इंजिन गाडीत बसलंय, पण अजून सुरू केलेलं नाही. माझा प्रश्न त्याआधीचाच आहे.

ऑईल पंप प्राइम करायला (इंजिन पेटवण्याआधी ऑईल सगळीकडे पोचवायला) एका जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचे दात घासून टाकले आणि तो दांडा ड्रिलला लावला. (नुसता दांडा घालू नका, बाहेरची बॉडीही हवी. या इंजिनात ऑईलची एक वाट त्या बॉडीमुळेच बंद होते. ती नसेल तर एका बाजूच्या रॉकरपर्यंत ऑईल नीट चढत नाही.) ड्रिल चालू असताना क्रँक पान्याने सावकाश फिरवत होतो. त्याआधी प्रत्येक पुशरॉडवर मार्करने एक उभी रेघ ओढून ठेवली होती. पंधरा रेघा हळूहळू सरकत गेल्या. सहा नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची मात्र जागची हलली नाही. बोटांनी फिरवला तर पुशरॉड फिरतो, पण खालचा लिफ्टर फिरतोय की नाही हे त्यावरून कळत नाही.

ज्यांनी फक्त ओव्हरहेड कॅमची इंजिनं खोलली आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लॅट टॅपेट म्हणतात खरं, पण लिफ्टरचा तळ सपाट नसतो, अगदी किंचित फुगीर असतो. कॅमचा लोबही एका कडेला इंचाचा एखाद-दोन हजारावा भाग उतरता घासलेला असतो. त्यामुळे लोबचा दाब लिफ्टरच्या मधोमध न पडता बाजूला पडतो आणि लिफ्टर आपल्या भोकात गोल फिरत राहतो. फिरला तर झीज सगळीकडे सारखी. अडकला तर लोब तोच ठिपका घासत राहतो, आणि पहिल्या काही मिनिटांतच लोब गोल होऊन त्याचा लोखंडी चुरा ऑईलबरोबर बेअरिंगांत जातो. म्हणून त्या एका रेघेने माझी झोप उडवली आहे.

बाकीची तयारी झाली आहे. लोबना आणि लिफ्टरच्या तळांना मोली पेस्ट (घट्ट वंगण) आहे, ऑईल जास्त झिंकचं ब्रेक-इनचं, म्हणजे नवा कॅम रुळवायचं. स्प्रिंगा दुहेरी होत्या, उघड्या व्हॉल्व्हला ३०० पौंडांच्या वर दाब जात होता, म्हणून आतल्या स्प्रिंगा सध्या काढून ठेवल्यात. टॅपेट झिरो लॅश (फट शून्य) करून वर अर्धा फेरा दिलाय. कार्बोरेटर भरलेला, रेडिएटर भरलेला, ठिणगीचं टायमिंग १२ अंश आधी. सेल्फ मारत बसावं लागू नये, पहिल्याच झटक्यात इंजिन पेटावं, यासाठी एवढा खटाटोप. पेटलं की थेट २००० आरपीएमच्या वर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं २००० ते २५००च्या दरम्यान कमी-जास्त करत ठेवायचं, कारण कॅमला ऑईल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं, आणि स्लोवर (आयडलिंगला) ते पुरेसं उडत नाही.

आता विचारायचं ते हे. हाताने फिरवताना रेघ हलली नाही याला किती महत्त्व द्यावं? इंजिन २००० वर गेलं की लिफ्टर आपसूक फिरू लागेल, असं एकाचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. पण खात्रीसाठी क्रँक फिरवतच राहिलो तर मोली पेस्ट पुसली जाईल, तीही भीती आहे. दुसरं असं की रिंगा बसायला लोड लागतो, आणि ही वीस-तीस मिनिटं तर बिनलोडची. रिंगा बसण्याआधीच सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन चकाकून तर जाणार नाहीत ना?

प्रतिसाद: दादा, सुरू करू नका, आधी इंटेक मॅनिफोल्ड काढा, लिफ्टर त्याच्याखालीच आहेत. सावकाश फिरवताना एखादा लिफ्टर आळस करतो हे खरं, पण पंधरा फिरले आणि एकच नाही, तर त्याला कारण असणार. तो लिफ्टर वर ओढून काढा, पुसा, हलकं ऑईल लावून परत भोकात सोडा. स्वतःच्या वजनाने खाली जायला हवा आणि बोटाने गरगर फिरायला हवा. अडखळला तर भोकाच्या खालच्या कडेला नख फिरवून बघा, तिथे बारीक धार राहिलेली असू शकते. मग त्या लिफ्टरचा तळ दुसऱ्या नव्या लिफ्टरच्या तळाला टेकवून उजेडात धरा: कडेने उजेडाची बारीक फट दिसायला हवी. दिसलीच नाही तर तळ फुगीर नाही, तो लिफ्टर बाद. शेवटी शेजारच्या चार नंबरच्या एक्झॉस्टशी अदलाबदल करून पुन्हा रेघा मारा. दोष लिफ्टरबरोबर गेला तर लिफ्टर बदला. सहावरच राहिला तर भोक किंवा लोब. अशी अदलाबदल आत्ताच करता येते. इंजिन एकदा चाललं की प्रत्येक लिफ्टर आपल्याच लोबचा, मग हलवायचा नाही.

प्रतिसाद: वरच्यांशी सहमत. रिंगांची काळजी नको. होनिंग (सिलिंडरच्या भिंतीवर घासलेल्या बारीक रेषा) ताजं असेल तर वीस-तीस मिनिटांनी काही बिघडत नाही. ब्रेक-इन झाला की ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला, जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. मग लगेच गाडी रस्त्यावर काढा: वरच्या गिअरमध्ये अर्धा-पाऊण थ्रॉटल, मग पाय सोडून गाडी इंजिनावर मंदावू द्या, असं बऱ्याचदा. त्यातच रिंगा बसतात. सिंथेटिक इतक्यात नको. आणि मध्येच पाणी तापलं किंवा कुठे गळायला लागलं, तर स्लोवर ठेवून बघत बसू नका. बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा थेट २०००च्या वर. राहिलेली मिनिटं नंतर भरून काढता येतात.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. इंटेक काढतो. लिफ्टर बाहेर काढायचेच आहेत तर सगळ्यांच्या तळाला नव्याने पेस्ट लावूनच परत टाकेन. मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीन आणलंय. त्यात पुढच्या-मागच्या कडांसाठी रबरी पट्ट्या आल्या आहेत. त्या वापरायच्या की नुसतं आरटीव्ही (सिलिकॉन सीलंट)?

प्रतिसाद: पट्ट्या बाजूला ठेवा, त्या सरकतात. दोन्ही कडा कोरड्या पुसून आरटीव्हीची जाड सलग रेघ द्या आणि कोपऱ्यात ती गॅस्केटवर थोडी चढू द्या. मॅनिफोल्ड सरळ वरून ठेवा, मागेपुढे सरकवू नका. आणि हो, डिस्ट्रिब्युटर परत बसवताना एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे ना, ते प्लगच्या भोकावर बोट ठेवून बघा.