डीएपीची रांग: यवतमाळकडून एक प्रतिसाद

डीएपी म्हणजे पिकाला नत्र (नायट्रोजन) अन् स्फुरद (फॉस्फरस) देणारं खत. त्याची टंचाई लोकांच्या साठेबाजीमुळेच होते, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीननं खतांच्या निर्यातीवर बंधनं आणली, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. पोटॅश हे दुसरं खत तर आपण जवळपास सगळंच बाहेरून आणतो. यात आमच्या कास्तकाराचा काय हात?

मिरग (मृग नक्षत्र, पेरणीचा काळ) तोंडावर आला अन् कृषी केंद्रासमोर रांग दिसली, की दोन बॅगा पुरणारा माणूसही चार मागतो. मी त्याला दोष देत नाही. पेरणी हुकली तर वर्ष जातं. राग येतो तो १३५० रुपयांच्या डीएपीसोबत नको ते औषध गळ्यात मारणाऱ्याचा. मलाही घ्यावं लागलं, नाहीतर "भाऊ, माल संपला."

सोयाबीनवाल्यांनी डीएपीऐवजी एक करून बघा. तीन बॅगा सिंगल सुपर फॉस्फेटमधून २४ किलो स्फुरद मिळतं, डीएपीच्या एका बॅगेतून २३. नत्रासाठी अर्धी बॅग युरिया जोडा. शिवाय गंधक मिळतं, तेलबियांना ते हवंच असतं. वाहायला जड पडतं खरं, पण आमच्या वावरात दोन वर्षं हेच चाललंय.