उन्हाळी शिबिर निवडताना आधी काय बघायचं? उपक्रम की माणसं?

अबोली
मुलगा नऊ वर्षांचा आहे. यंदा पहिल्यांदाच निवासी शिबिराला पाठवायचा विचार आहे. एक पत्रक हाती आलंय. पाच दिवसांत धनुर्विद्या, रोबोटिक्स, नाट्य, घोडेस्वारी, मातीकाम आणि वर 'नेतृत्वगुण विकास'. एवढं सगळं करायचं तर मुलं झोपणार कधी?

माझं मत सरळ आहे. उपक्रमांची यादी बाजूला ठेवा आणि मुलांबरोबर कोण असणार, किती जण असणार आणि रात्री कुठे असणार, ते विचारा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांत निवासी शिबिरासाठी ६ ते ८ वयाच्या दर ६ मुलांमागे एक आणि ९ ते १४ वयाच्या दर ८ मुलांमागे एक जबाबदार माणूस धरलाय. दिवसाच्या शिबिराला हेच आकडे ८ आणि १०. आपल्याला मात्र "आमची वीस जणांची टीम आहे" असं उत्तर मिळतं. त्या विसात स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि फोटो काढणारा किती, हे कुणी सांगत नाही. मुलांमागे सतत असणारे मोजा.

तिरकस
असहमत. तुम्ही म्हणताय ती चाळणी झाली, निवड नव्हे. सुरक्षिततेत नापास झालेलं शिबिर यादीतून बाद, तिथे वाद नाही. पण चाळून झाल्यावर तीन उरली तर? तेव्हा मुलाला विचारायला नको? तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये मुलाला काय हवंय यावर एक ओळ नाही.

आणि माणसं मोजत बसलं की असं शिबिर मिळतं जिथे पोराच्या बुटाची नाडीसुद्धा ताई बांधते. १९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी शिबिर घेतलं, स्काउट चळवळीची सुरुवात तिथली. त्यात मुलांच्या तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीचा प्रमुख मुलगाच नेमला होता.

अबोली
@तिरकस, तुकडीप्रमुख मुलगा असला तरी शिबिर चालवणारी माणसं मोठीच होती की! मोठं माणूस जवळ असणं आणि त्याने प्रत्येक गोष्टीत हात घालणं यात फरक आहे. पाण्याचंच घ्या. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. काठावर फक्त पाण्याकडे बघत बसणारा एक माणूस हवाच. जो पोहायला शिकवतोय तो वेगळा.

मुलाला विचारायचं तर तो मित्र जातोय तिथे जाणार. हा काय निकष झाला?

माईंची लेक
मित्र जातोय हा निकष का नाही? पहिल्या रात्री शेजारच्या अंथरुणात ओळखीचा चेहरा असणं फार मोठी गोष्ट आहे.

माझा अनुभव शिबिरात ताई म्हणून काम केल्याचा. घरची आठवण सगळ्यांनाच येते, त्यात काही बिघडत नाही. दिवसा धावपळीत कळतही नाही. दिवे मालवले की एकेक पांघरूण हलायला लागतं. सगळ्यात अवघड जातात ती, ज्यांना न विचारता आणून सोडलेलं असतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००७ च्या अहवालातही हेच आहे: निर्णयात मुलाला सामील करा, आधी नातेवाईक किंवा मित्राकडे मुक्कामाची सवय करा. आणि "नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ" असं कबूल करू नका.

अबोली
हे शेवटचं मला मुळीच पटलेलं नाही. मुलाला परतीची वाट ठेवायचीच नाही?

माईंची लेक
वाट ठेवा, पण आधीच कबूल करू नका. तसं कबूल केलं की मुलाला एवढंच कळतं की आईलाच आपली खात्री नाही. मग ते रुळायचा प्रयत्न सोडून फोनची वाट बघतं. "आठवण आली तर काय करशील?" हे विचारा: ताईला सांगशील, पत्र लिहिशील, मित्राशी बोलशील. खरोखर जेवण-झोप तुटली तर शिबिरवाल्यांनी स्वतः फोन करायला हवा, आणि ते कधी करतात हे तुम्ही आधी विचारून ठेवा.

रिकामटेकडा
मूळ प्रश्न: शिबिर हवंच कशाला? वर्षभर तासिका, सुट्टीतही तासिकाच. कंटाळू द्या की पोरांना. कंटाळ्यातूनच खेळ सुचतात.

साडेसहाची लोकल
कंटाळू द्या म्हणणाऱ्यांनी त्या कंटाळ्याकडे लक्ष द्यायला घरी कोण बसणार तेही लिहावं. आम्ही दोघंही नोकरीवर. आमच्यासाठी पहिला निकष वेळ. शिबिर चारला सुटतं, मी साडेसहाला निघते. मधल्या वेळात मूल कुणाच्या ताब्यात, उशीर झाला तर काय, ओळखपत्र न बघता कुणालाही सोपवतात का? नेतृत्वगुण गेले खड्ड्यात.

रिकामटेकडा
@साडेसहाची लोकल, मान्य. पण मग त्याला सांभाळणं म्हणा, व्यक्तिमत्त्व विकास म्हणून फी का उकळतात?

तिरकस
अबोलीताई, मधल्या वेळात तुमच्याच बाजूचा एक मुद्दा सापडला, नाइलाजाने देतोय. रोज शंभर फोटो ग्रुपवर टाकणारं शिबिर मला संशयास्पद वाटतं. फोटो कोण काढतंय? तोच दादा, ज्याने मुलांकडे बघायला हवं होतं. आणि पालक त्यावरच खूश.

अबोली
हे पटलं. 😄 आज त्या पत्रकवाल्यांना फोन केला. रात्री खोलीपाशी कोण असतं विचारलं तर म्हणाले, "सगळेच असतात हो." नाव विचारलं तर "अजून ठरायचंय". मुलाची दम्याची औषधं कुणाकडे राहतील, तेही ठरायचंय. ते शिबिर बाद. आता उरलेल्या दोनांतलं एक त्याच्यावर सोडणार आहे.

तिरकस
म्हणजे चाळणी आधी आणि मूल नंतर. मी काय म्हणत होतो?

अबोली
तुम्ही "एक ओळ नाही" म्हणत होतात. आणि मित्र जातोय तेच निवडलं त्याने, तर माझी अजूनही कुरकुर असणार आहे.