मदत हवी आहे: फ्यूम हूड नसलेल्या लॅबमध्ये छोट्या प्रमाणातले प्रयोग

चंचुपात्र (धागाकर्ता)
अकरावी-बारावीची लॅब, ३० मुलांची बॅच, फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर ओढणारं बंद कपाट) नाही, फक्त एक्झॉस्ट पंखा. सॉल्ट ओळखण्याच्या प्रयोगांसाठी हायड्रोजन सल्फाइड वायू बनवणारं किप उपकरण बंद करून सगळं थेंबांवर आणायचंय. तीन ठिकाणी अडलंय.
१. दुसऱ्या ग्रुपसाठी (आम्लातही सल्फाइड म्हणून बसणारे कॉपर, कॅडमियमसारखे धातू) १ मोलर सोडियम सल्फाइड थेंबाने घातलं, तर त्या ग्रुपात नसलेल्या झिंकच्या सॉल्टलाही पांढरा गढूळपणा येतो.
२. ७५ × १० मिमीची ट्यूब बर्नरवर धरली की द्रव उसळून बाहेर पडतो.
३. १ मिलीच्या पिपेटवर पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन केलं, तर रीडिंग जुळत नाहीत.

चिमटा
पहिल्याचं कारण आम्ल संपणं. ड्रॉपरचा थेंब साधारण ०.०५ मिली. ०.३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा मिली असेल तर त्यात ०.१५ मिलिमोल आम्ल. १ मोलर सल्फाइडचे दोनच थेंब ०.२ मिलिमोल आम्ल खातात. मग द्रावण अल्कलीकडे झुकतं आणि झिंक सल्फाइड बसतं. ०.१ मोलर द्रावण करा, एकच थेंब घाला. एका सॉल्टमध्ये एकच कॅटायन (धातूचा धन आयन) शोधायचा असल्याने कॉपरचा काळा किंवा कॅडमियमचा पिवळा अवक्षेप तेवढ्यावरही स्वच्छ दिसतो.

दुसरी शक्यताही तपासा. सोडियम सल्फाइड जुनं झालं की त्यात पॉलिसल्फाइड तयार होतं आणि आम्लात गंधकाचं दुधी द्रावण उतरतं. सॉल्ट न घालता नुसतं आम्ल आणि सल्फाइड घेऊन पाहा. तिथेही दुधी आलं तर बाटली बदला.

वायूचा हिशेब: ०.१ मोलरच्या एका थेंबातून फार तर ०.१२ मिली हायड्रोजन सल्फाइड. ३० मुलांचा मिळून चार मिलीही नाही. वास मात्र येईलच, नाक फार कमी प्रमाणही टिपतं. उलट हवेतलं प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं, म्हणून ‘वास थांबला, आता ठीक’ असं मुलांना म्हणू देऊ नका.

उरलेलं सल्फाइड आम्लाच्या वेस्ट बरणीत ओतू नका! थेंबाथेंबाने वाचवलेलं सगळं तिथे एकदम सुटतं. वेगळी बरणी, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी.

वॉटरबाथ
ट्यूब अरुंद असली की तळाशी तयार झालेला वाफेचा एक बुडबुडा वरचा सगळा द्रव ढकलतो. ओला नमुना ज्योतीवर धरायचाच नाही. १०० मिलीच्या बीकरमध्ये ६० मिली उकळतं पाणी, ट्यूब एक तृतीयांशाहून कमी भरलेली, तोंड कुणाकडेही नको. ज्योत फक्त कोरड्या सॉल्टसाठी.

आणि प्रमाण कमी झालं म्हणून गॉगल काढू देऊ नका. डोळ्याला कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकचा एक थेंबही पुरतो. नायट्रेटची ब्राउन रिंग टेस्ट पांढऱ्या टाइलवर घ्या: नमुन्याच्या एका थेंबात टाचणीच्या डोक्याएवढा फेरस सल्फेटचा खडा, कडेने कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकचा एक थेंब. खड्याभोवती तपकिरी कडं दिसतं. कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकला रबरी बल्बचा ड्रॉपर लावू नका, रबर खाल्लं जातं.

ब्युरेटवाला
तिसऱ्याचं मूळ थेंबाच्या आकारात आहे. १ मिलीत ०.०५ मिलीचा थेंब म्हणजे ५ टक्के फरक. कितीही काळजी घ्या, रीडिंग जुळणार नाही. पिपेटच्या टोकाला मायक्रोपिपेटची पिवळी टिप घट्ट बसवा, थेंब साधारण ०.०२ मिलीवर येतो. वर रबरी नळीचा तुकडा आणि १० मिलीची सिरिंज. दांडा हलकेच फिरवत दाबा, सरळ ढकलू नका. शक्यतो २ मिलीची पिपेट घ्या, म्हणजे एका थेंबाची चूक १ टक्क्यावर येते.

ऑक्झॅलिक आम्ल घेत असाल तर घोळ तिथेही असेल. त्याला ६०-७० अंश लागतात आणि २ मिली द्रव बघता बघता गार होतो. मग प्रक्रिया रेंगाळते, तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दिसू लागतो. शंकूपात्र गरम पाण्यात ठेवून करा, नाहीतर सरळ मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) घ्या, तापवावंच लागत नाही. ०.१ मोलर मोहर सॉल्ट २ मिली, त्यात पातळ सल्फ्युरिक २ मिली, समोर ०.०२ मोलर परमँगनेट. परमँगनेट आणि फेरस यांच्या १:५ गुणोत्तरामुळे तेही २ मिलीच लागतं.

चंचुपात्र
परमँगनेटच्या गडद रंगात खालचा मेनिस्कस (द्रवाच्या पृष्ठभागाचा वक्र) दिसतच नाही, मग रीडिंग कुठलं घ्यायचं?

ब्युरेटवाला
वरच्या कडेचं. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तेच घ्या, वजाबाकीत फरक निघून जातो. परमँगनेट रबरी नळीपर्यंत ओढू नका, आणि तास संपला की टिप धुवून ठेवा, नाहीतर तपकिरी डाग बसून थेंब वाकडा पडतो.