नफा दुप्पट, तरी शेअर का पडला?

देवगडकर: हापूसच्या पेट्यांचे थोडे पैसे एका कंपनीत घातले. पेपरात मथळा होता, ‘तिमाही नफा दुप्पट’. दुसऱ्याच दिवशी भाव सात टक्के खाली! माझं चुकलं कुठे?

चिपळूणवाला: तुम्ही मथळा वाचलात, निकाल नाही. ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ बघा. जमीन विकली तर पैसे एकदाच येतात. दोन कलमं तोडून लाकूड विकलंत, तर त्याला आंब्याचं उत्पन्न म्हणाल का? आणि बाजाराने याहून जास्त नफ्याची अपेक्षा धरली असेल, तर चांगल्या आकड्यावरही भाव पडतो. तिमाही निकाल 45 दिवसांत, वर्षअखेरचे 60 दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतात. फुकट.

मालवणी: नफो ऱ्हवांदे, रोख खय आसा ता बघा! सत्यम ह्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताळेबंदातले 5,040 कोटी नुसते कागदारच होते. 7 जानेवारी 2009 क ता भायर पडला.

देवगडकर: बघितलं. गोदामाची जागा विकलेली, आणि विक्री गेल्या वर्षीपेक्षा कमीच! टीप इतकी बारीक की चष्मा लावूनही दोनदा वाचावी लागली.