'चेंबर पॉप'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'नाटकी' चालेल का?

रासपुतिना नावाचा अमेरिकन बँड आहे, मेलोरा क्रीगर या सेलोवाल्या (सेलो म्हणजे मांडीत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिनच) बाईंचा. त्यांच्यावर चार ओळी लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडकलो, "गॉथिक, नाटकी शैलीची चेंबर पॉप गीतकार". बायकोने वाचलं नि म्हणाली, चेंबर म्हणजे, गटाराचं का? सुचवा काहीतरी.

– बैठक घ्या की. फडाची लावणी वेगळी, बैठकीची वेगळी, मोजक्या लोकांसमोर बसून केलेली. बैठकीचं पॉप!

– ऐकायला मस्त, पण चेंबर पॉपमध्ये मुद्दा वाद्यांचा असतो, व्हायोलिन, सेलो वगैरे. बसण्याचं म्हणाल तर कॉर्सेट घालून ओळीने बसलेल्या सेलोवाल्या बायका आहेत खऱ्या, पण सेलो आवाज फाडणाऱ्या इलेक्ट्रिक पेडलमधून असा वाजवतात की भिंती हादरतील, आणि ह्याच क्रीगरबाई १९९४ मध्ये निर्वाणा या रॉक बँडच्या शेवटच्या युरोप दौऱ्यात सेलो वाजवत होत्या, म्हणजे बैठक कसली डोंबलाची.

– माझा आक्षेप 'नाटकी'ला. नाटकी बाई म्हणजे खोटं रडणारी. 'नाट्यमय' पण नको, ते रात्रीतून सरकार पडलं की पेपरवाले लिहितात. १९११ ला न्यूयॉर्कमध्ये शर्टवेस्टच्या, म्हणजे बायकांच्या ब्लाउजच्या, कारखान्याला आग लागून १४६ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या कोवळ्या पोरी, त्यावर यांचं गाणं आहे. त्या बाईला नाटकी म्हटलं की त्या पोरींचं मरणच खोटं केल्यासारखं वाटतं मला.

– मग सोंग? सोंग घेऊन गाणारी.

– 'सोंगं करू नकोस' म्हणून लहानपणी मार खाल्लाय, तोही शब्द बदनामच.

– सोंग करणं वेगळं, वठवणं वेगळं. बोहाड्यात मुखवटा चढवून सोंग नाचवतात तेव्हा त्याला कोणी खोटं म्हणत नाही, पाया पडतात.

– गॉथिक तसंच ठेवा, 'भयाण' बियाण नको. गॉथ ही मूळची टोळी, पुढे इटलीतल्या लोकांनी जुन्या चर्चच्या इमारतींना 'रानटी' अशा अर्थाने शिवी म्हणून तो शब्द वापरला. माझ्यासाठी गॉथिक म्हणजे सीएसएमटी, आणि तिथे भीती वाटते ती फक्त सकाळच्या गर्दीची.

– बरं, फायनल: "सोंग वठवून गाणारी गॉथिक चेंबर पॉप गीतकार". चेंबर तसंच राहू देतो, बायकोला सांगेन झाकण लावलंय.