४के टीव्हीवर १२० हर्ट्झ: कार्ड नव्हे, आधी पोर्ट बघा

कॉम्प्युटर टीव्हीला जोडणाऱ्यांना एक सल्ला मिळतो: 'एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड असूनही टीव्हीवर ६० हर्ट्झच (म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतं), तर कार्ड बदला'. तो मला पटला नाही. त्या कार्डाला एचडीएमआय २.१, म्हणजे ४के १२० पाठवू शकणारं पोर्ट, आहेच. गोची बहुधा टीव्हीकडे असते. चार पोर्टांपैकी अनेकदा दोनच ४के १२० घेतात, आणि त्यातलाच एक ईआर्क, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारा, असतो. तिथे साउंडबार लावला की उरतो एकच. पोर्टाशेजारी बहुधा बारीक अक्षरांत '४के १२० हर्ट्झ' छापलेलं असतं, टॉर्च मारून वाचा. केबल 'अल्ट्रा हाय स्पीड' हवी, म्हणजे ४८ जीबीपीएसची (सेकंदाला ४८ गिगाबिट); जुनी १८ वाली लावली तर स्क्रीन मधूनच काळी होते.

एवढं करूनही विंडोज बरेचदा ६० वरच बसतं. डिस्प्ले सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन हाताने १२० निवडावं लागतं. त्याआधी टीव्हीतही त्या पोर्टाचा सिग्नल 'एन्हान्स्ड' (किंवा तशाच नावाचा) करा, नाहीतर पर्यायच दिसणार नाही. आणि काळ्या पडद्यावर लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसली तर रंग ४:२:० ने, म्हणजे रंगाची माहिती कमी करून, जातोय. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रंगाचा प्रकार 'आरजीबी' आणि रेंज 'फुल' करा. एलजीवर इनपुटचं नाव 'पीसी' ठेवलं नाही तर एवढं करूनही अक्षरं सुधारत नाहीत, हे कंपनीने मॅन्युअलमध्ये ठळक लिहायला हवं होतं. सिनेमांसाठी हे काहीच लागत नाही, ते बहुतेक सेकंदाला २४ फ्रेमचेच.