मदत हवी आहे : ओठांनी भुर्र केलं की घड्याळातले अंक नाचतात

हसू नका, प्रश्न खरा आहे.

परवा रात्री मोठा दिवा मालवून बाळाला हसवायला ओठांनी भुर्रर्र करत होतो. समोर डिजिटल घड्याळाचे लाल अंक. भुर्र सुरू झालं की चारही अंक वरखाली थरथरायचे, आणि तेही एकत्र नाही, जो तो आपल्या तालात. शेजारच्या कपाटाची कड मात्र जागची हलत नव्हती. मग नजर छतावरून झरकन जमिनीकडे नेली, तर 10:42 ची जिन्यासारखी उतरंड दिसली. क्षणभरच, पण दिसली.

आधी वाटलं डोळे गेले कामातून. म्हणून मोबाइलने फोटो काढले. शटर 1/30 सेकंदावर ठेवलं तर चारही अंक ठणठणीत. 1/1000 वर नेलं तर कधी दोनच अंक, कधी एखादा मधोमध कापलेला. म्हणजे खोट माझ्यात नाही, एवढं कळलं.

माझा अंदाज असा : अंक एकाच वेळी पेटलेले नसतात, आळीपाळीने पेटतात. बरोबर आहे का? आणि असं करायची गरजच काय? शिवाय माळ्यावरून एक जुनं, प्लगवर चालणारं घड्याळ काढून पाहिलं. त्यात अंक एकमेकांपासून सुटत नाहीत, तर एकेक अंकच फुटतो. 8 च्या काही रेघा इकडे, काही तिकडे. हे काय आता?

प्रतिसाद १
अंदाज बरोबर आहे. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. एका अंकाला सात रेघा, चार अंकांच्या 28. प्रत्येक रेघेला स्वतंत्र तार द्यायची तर 28 तारा लागतील. त्याऐवजी रेघांसाठी सात सामाईक तारा आणि कोणता अंक पेटवायचा हे सांगायला चार, अशा अकरांत भागतं. समजा प्रत्येक अंक सेकंदाला 100 वेळा पेटतो, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 1/400 सेकंद. नजर उडी मारते तेव्हा बुबुळ सेकंदाला 300 अंश वेगाने सहज फिरतं. म्हणजे एका अंकाची पाळी संपून दुसऱ्याची येईपर्यंत नजर पाऊण अंश सरकलेली असते. पौर्णिमेचा चंद्रसुद्धा अर्ध्या अंशाचाच दिसतो! भुर्र करताना डोकं हादरतं, तिथेही हेच. कपाटावर उजेड सलग पडतो, त्यामुळे त्याची कड फार तर जराशी पुसट होते.

प्रतिसाद २
जुन्या घड्याळाचं सांगतो, अशी बरीच उघडली आहेत. त्यांतल्या पुष्कळांत वाटणी अंकांची नसते, रेघांची असते. सगळ्या रेघांचे दोन गट. वीजपुरवठ्याच्या एका अर्ध्या आवर्तनात पहिला गट पेटतो, उरलेल्या अर्ध्यात दुसरा. 50 हर्ट्झवर दोन गटांत 1/100 सेकंदाचं अंतर पडतं. वरच्याच हिशेबाने तीन अंश. 8 फुटणारच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! आता एकच शंका. नजर फिरताना मेंदू मधलं पुसट चित्र दाबून टाकतो असं वाचलं होतं. आरशात स्वतःचे डोळे हलताना म्हणूनच दिसत नाहीत (करून बघा, खरंच दिसत नाहीत). मग ही उतरंड कशी निसटते?

प्रतिसाद १
ते दाबणं पूर्ण नसतं. अंधारात लखलखीत ठिपका उघडझाप करत असेल तर डोळ्यातल्या पडद्यावर पुसट पट्टा उमटत नाही, सुटेसुटे ठसठशीत ठसे उमटतात. ते मेंदूला पुसता येत नाहीत. काही गाड्यांच्या मागच्या एलईडी दिव्यांवरून नजर झरकन फिरवा, ठिपक्यांची माळ दिसेल. गाडी चालवताना नको.

धागाकर्ता
आत्ताच खिडकीतून पाहिलं. दिसली माळ. बायको विचारतेय, मान अशी काय झटकतोयस.